नडगीत रॉड टाकून चार महिने झाले, एक्स-रेत फट दिसते. आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. थोरल्या भावाचं वय ३६, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डिंगला. चार महिन्यांपूर्वी हायवेवर गाडी घसरून उजवी नडगी मोडली. हाड मधल्या आणि खालच्या भागाच्या सीमेवर जवळजवळ आडवं तुटलं, बाजूचं बारीक हाडही मोडलं, आणि पुढे सेंटिमीटरपेक्षा लहान जखम होती. त्याच रात्री जखम धुतली आणि दुसऱ्या दिवशी रॉड टाकला. आता एक्स-रेत मागच्या बाजूला नवं हाड दिसतं, पण पुढे फट आहे. डॉक्टर वरचा एक स्क्रू काढू म्हणतात. दादा अजून दोन कुबड्यांवर आहेत आणि पाय नुसता टेकवतात. गुडघा पुढून दुखतो, मांडी घालून बसता येत नाही. तंबाखू सुटलेली नाही. घरचे विचारतात: ऑपरेशन फसलं का, कामावर कधी जाता येईल, रॉड कधी काढायचा?

एवढ्यावरून ऑपरेशन फसलं असं म्हणता येत नाही. नडगीचं हाड, म्हणजे टिबिया, मुळात सावकाश जुळतं. कातडी न फाटलेलं साधं फ्रॅक्चर साधारण १६ ते २० आठवड्यांत जुळतं. जखम असलेलं त्याहून उशिरा, आणि मांस-कातडी बरीच गेली असेल तर वर्षही लागू शकतं. नडगीवरून बोट फिरवून बघा. आतल्या बाजूला कातडी आणि लगेच हाड, मध्ये स्नायूचा थर नाही. हाडाला आतून रक्त देणारी मुख्य धमनी वरच्या भागात मागून शिरते आणि पोकळीतून खाली उतरते. हाड तुटलं की तीही तुटते. मग खालच्या तुकड्याला हाडावरच्या आवरणातून आणि मागच्या स्नायूंतून मिळेल त्या रक्तावर भागवावं लागतं. म्हणून नवं हाड आधी मागे आणि बाहेरच्या बाजूला दिसतं, पुढचा आणि आतला काठ शेवटी भरतो. तुमच्या एक्स-रेत हेच दिसतं आहे.

रॉड हाड जोडत नाही, हे घरातल्या सगळ्यांनी पक्कं लक्षात घ्यावं. तो तुकडे सरळ धरतो, लांबी आणि पावलाची दिशा राखतो, आणि वजन हाडातून जाऊ देतो. जुळण्याचं काम रक्ताचं, त्या वजनाचं आणि वेळेचं. दुसरीकडे धातूलाही थकवा येतो. हाड जुळायला फारच वेळ लागला तर हजारो पावलांनंतर स्क्रू तुटतो, क्वचित रॉडही. आठ मिलिमीटरच्या बारीक रॉडमध्ये आणि बारीक स्क्रूंमध्ये हे लवकर होतं, नऊ-दहाच्या रॉडमध्ये उशिरा. त्यामुळे डिस्चार्ज कार्डवर किंवा फाइलमध्ये चिकटवलेलं इम्प्लांटचं स्टिकर शोधा. '९ बाय ३२०' असं काही लिहिलेलं असेल. पहिला आकडा जाडी, दुसरा लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. कंपनीचं नावही तिथेच असतं. पुढे रॉड काढायची वेळ आली तर त्या कंपनीचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रॉड ओढून काढायचं हत्यार, लागतो, म्हणून त्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवाच.

ऑपरेशनमध्ये काय होतं ते समजलं की पुढचे निर्णय समजतात. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. गुडघा वाकवून वाटीच्या खाली चीर देतात, आणि वाटीच्या खालची दोरी (वाटीला नडगीशी जोडणारा पट्टा) मधून उभी चिरून किंवा बाजूला सारून हाडाच्या माथ्याशी पुढच्या काठावर भोक पाडतात. हल्ली काही ठिकाणी गुडघा थोडाच वाकवून वाटीच्या वरूनही रॉड घालतात. वरच्या तिसऱ्या भागातलं फ्रॅक्चर त्या पद्धतीने सरळ ठेवायला सोपं जातं, कारण गुडघा पूर्ण वाकवला की दोरी वरचा तुकडा पुढे ओढते. भोकातून लांब तार फ्रॅक्चर ओलांडून घोट्याच्या जवळ नेतात. तिच्यावरून रीमर, म्हणजे आतून खरवडणारं हत्यार, फिरवून पोकळी अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने मोठी करतात आणि शेवटच्या रीमरपेक्षा एक ते दीड मिलिमीटर बारीक रॉड घालतात. रीमिंगने आतलं रक्त काही आठवडे कमी होतं, पण हाडाचा निघालेला चुरा फ्रॅक्चरपाशी जमून कलमासारखा उपयोगी पडतो आणि बाहेरच्या आवरणातलं रक्त वाढतं. मग रॉड जागेवर धरून ठेवणारे स्क्रू लावतात: वरचे जिगमधून (नेमकी जागा दाखवणाऱ्या साच्यातून) आणि खालचे सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशनमधल्या एक्स-रेच्या पडद्यावर, बघत हाताने.

फट राहते ती बहुधा इथे. रॉड ठोकताना खालचा तुकडा घोट्याकडे ढकलला जातो आणि दोन-तीन मिलिमीटरचं अंतर तसंच ठेवून दोन्हीकडे स्क्रू लागले, तर हाडाचे काठ भेटत नाहीत. हे टाळायला आधी खालचे स्क्रू लावून रॉड उलटा हलका ठोकतात, तुकडे एकमेकांवर बसले की वरचे लावतात. तुमच्या दादांच्या बाबतीत ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे काढून बघा. फट तेव्हापासून आहे, की तेव्हा काठ टेकलेले होते आणि नंतर कड विरघळून फट दिसू लागली? या दोन्हींचा अर्थ वेगळा. पहिल्यात स्क्रू हाडाला जवळ येऊ देत नाहीत. दुसऱ्यात थोडीशी कड विरघळणं पहिल्या काही आठवड्यांत साहजिक असतं, पण ती फट वाढत असेल तर हालचाल किंवा जंतूंचा विचार करावा लागतो.

आता स्क्रू काढण्याबद्दल. याला डायनमायझेशन म्हणतात. फ्रॅक्चरपासून लांब असलेल्या टोकाचा स्क्रू काढतात आणि रॉडच्या लांबट भोकातला स्क्रू तसाच ठेवतात. पाय टेकला की हाड त्या भोकाएवढं, काही मिलिमीटर, खाली सरकतं आणि काठांवर दाब येतो. फ्रॅक्चर खालच्या बाजूला असल्यामुळे वरचा स्क्रू काढायचा हे बरोबर आहे. आडव्या फ्रॅक्चरला ही युक्ती चालते. तिरकं, फिरकीसारखं किंवा चुरा झालेलं असेल तर पाय आखूड होण्याची किंवा फिरण्याची भीती असते, तिथे करू नये. काम छोटं आहे, बहुतेक त्याच दिवशी घरी जाता येतं. मात्र दोन गोष्टींवर ते फसतं. पहिली: बारीक हाड आधीच जुळून गेलं असेल तर ते टेकूसारखं उभं राहतं आणि मोठ्या हाडाचे काठ भेटू देत नाही. मग त्याचा दोनेक सेंटिमीटरचा तुकडा काढण्याचा विचार होतो. दुसरी, आणि ही फार जास्त वेळा दिसते: स्क्रू काढला, पण माणूस पाय टेकतच नाही. दाब आलाच नाही तर स्क्रू काढून उपयोग काय?

माझं मत विचाराल तर आज स्क्रूपेक्षा कुबड्या जास्त महत्त्वाच्या आहेत. आडवं फ्रॅक्चर, रीम करून घातलेला रॉड, वर-खाली स्क्रू, अशा पायावर सहन होईल तेवढं वजन पहिल्या काही दिवसांपासून टाकता येतं. चार महिने नुसती बोटं टेकवणं म्हणजे हाडाला जुळायचा इशाराच न देणं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्प्रिंट' नावाच्या मोठ्या अभ्यासात, बाराशेहून जास्त रुग्णांत, सहा महिन्यांच्या आत 'जुळलं नाही' म्हणून पुन्हा ऑपरेशन करायचं नाही असा नियम ठेवला होता. वाट पाहिल्याने बऱ्याच जणांचं दुसरं ऑपरेशन टळतं, हा त्यातला माझ्या लेखी सर्वांत मोलाचा धडा. जंतू, मोठी फट आणि तुटलेला रॉड ही कारणं अर्थातच वेगळी. तुमच्या डॉक्टरांनी पाय आणि सगळे एक्स-रे पाहिलेत, मी नाही. पण त्यांना सरळ विचारा: "पूर्ण वजन टाकायला आजच परवानगी आहे का? आणि सहा-आठ आठवडे चालून बघितलं तर काही बिघडेल का?" हा प्रश्न विचारण्यात त्यांचा अपमान नाही.

वजन वाढवायचं ते अंदाजाने नको. घरात वजनकाटा असेल तर मोडलेला पाय त्यावर ठेवून २० किलोपर्यंत दाबा, तो दाब कसा लागतो ते पायाला कळू द्या, आणि तेवढ्यावर चाला. दर चार-पाच दिवसांनी दहा किलो वाढवा. पोटरी आणि फ्रॅक्चरच्या जागी ओढ जाणवेल, संध्याकाळी सूज येईल. रात्री पाय उशीवर घेतल्यावर सकाळी सूज उतरत असेल तर चाल चालू ठेवा. सूज उतरत नसेल किंवा वेदना आदल्या दिवशीपेक्षा वाढली तर दोन दिवस एक पायरी मागे या. दोन कुबड्यांवरून एकीवर येताना ती कुबडी चांगल्या पायाच्या बाजूला, म्हणजे दादांच्या डाव्या हातात. बहुतेक लोक उलटं धरतात.

जंतूंची शंका मात्र आत्ताच मिटवा, कारण सुरुवातीला जखम होती. लहान जखमेत धोका थोडा, पण हाड उघडं पडलं होतं हे विसरून चालत नाही. सीआरपी आणि ईएसआर या जंतुसंसर्गाचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासण्या करून घ्या. ऑपरेशननंतर सीआरपी दोन-तीन आठवड्यांत उतरतो. चार महिन्यांनी तो वाढलेला असेल आणि दुसरं कारण दिसत नसेल तर ते गंभीरपणे घ्यायचं. जुन्या जखमेतून थेंबभर ओल येणं, रात्री झोपेतून उठवणारी ठणक, जागा गरम लागणं, या खुणा सांगायला लाजू नका. अशा वेळी औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक घेऊन पस दाबून टाकणं सर्वांत वाईट, कारण नंतर आतून नमुना घेतला तरी त्यात जंतू सापडत नाहीत आणि नेमकं औषध ठरवता येत नाही. जंतू निघालेच तर रॉड काढून पोकळी रीम करून धुतात, अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा रॉड तात्पुरता घालतात किंवा बाहेरून फ्रेम लावतात. मार्ग लांबचा आहे, पण आहे.

आणि तंबाखू. चुन्याबरोबर मळलेली असो, मिश्री असो की बिडी-सिगारेट, निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. धूम्रपान करणाऱ्यांची नडगी उशिरा जुळते आणि न जुळण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त असतं, हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. जिथे रक्त आधीच तुटपुंजं तिथे हे परवडत नाही. दादांना "कमी करा" सांगू नका, हाड जुळेपर्यंत बंद म्हणा. एकट्याला जमत नसेल तर तंबाखूमुक्तीच्या केंद्रात पाठवा, तिथे मदत मिळते. मधुमेह तपासला नसेल तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करा. ड जीवनसत्त्व कमी निघालं तर साधारणपणे ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात, पण डॉक्टरांनी सांगितल्यावरच. दुखण्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने स्वतःहून घेऊ नका. पॅरासिटामॉल चालते.

खाण्याबद्दल थोडंच. पाया सूपवर आपल्याकडे फार विश्वास. प्यायला हरकत नाही, पण कॅल्शियम त्यात नगण्य उतरतं. दिवसाला किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. दोन अंडी म्हणजे जेमतेम १२ ग्रॅम, यावरून हिशेब करा. डाळ, उसळ, मासे, चिकन, दही रोज हवं. एका मोठ्या पेल्याएवढ्या दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम, दिवसाची गरज साधारण हजार. दुधाची आपल्याकडे वानवा नाही.

गुडघा दुखतो त्याचं काय? नडगीत रॉड टाकलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना गुडघ्याच्या पुढे दुखतं. हे आधी सांगितलं जात नाही आणि मग लोक घाबरतात. दोरीतून किंवा तिच्या शेजारून रॉड जातो, वाटीखालच्या कातडीची बारीक नस चिरेत दुखावते म्हणून एक पट्टा बधिर होतो, मांडीचा स्नायू बारीक झालेला असतो, आणि कधी रॉडचं टोक हाडाबाहेर डोकावतं. शेवटचं कारण गुडघ्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेत कळतं. बाकीच्यांवर उपाय मांडीच्या व्यायामाचा. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो दाबायचा, पाच मोजेपर्यंत धरायचं, पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, तेवढ्याच वेळा. जमेल तसं भिंतीला पाठ टेकून अर्धं बसायचं. गुडघे टेकून बसणं सर्वांत शेवटी जमतं, काहींना कधीच पूर्ण जमत नाही. पूजेला पाट किंवा छोटं स्टूल घ्या, त्यात कमीपणा नाही.

मांडी घालता न येण्यात आणि उकिडवं न बसता येण्यात गुडघ्याइतकाच घोट्याचा दोष असतो. महिनोन्‌महिने पाऊल खाली लोंबत ठेवलं की टाचेची शीर आखडते. लांब बसून पावलाला टॉवेल अडकवून स्वतःकडे ओढायचं, अर्धा मिनिट धरायचं, सकाळ-संध्याकाळ दहा वेळा. अंगठाही रोज हाताने वर वाकवायचा. तो आखडला तर चालताना पाऊल पुढे लोटत नाही.

तालमीतल्या वस्तादांकडे मालिशला नेण्याचा विचार घरात आला असेलच. मांडीला हलकी मालिश चालेल. पोटरीला जोराची नको, आत रक्ताची गाठ असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. फ्रॅक्चरच्या जागी तर मुळीच नको.

कामाचं सांगायचं तर बैठं काम बहुतेकांना सहा ते आठ आठवड्यांत जमतं. फाउंड्रीचं तसं नाही. वाळूवर उभं राहायचं, साचे उचलायचे, गरम धातूजवळून झटकन बाजूला व्हायचं. त्यासाठी माझ्या कसोट्या अशा: चारपैकी तीन काठांवर हाड पूल बांधून उभं दिसतं, फ्रॅक्चरवर दाबलं तर दुखत नाही, मोडलेल्या एकाच पायावर अर्धा मिनिट उभं राहता येतं, आणि जिना पायऱ्या बदलत चढता-उतरता येतो. पुढून आणि बाजूने काढलेल्या दोन एक्स-रेंमध्ये मिळून चार काठ दिसतात. प्रत्येकाला एक ते तीन गुण, एकूण चार ते बारा. याला 'रस्ट' गुण म्हणतात, आणि ते दहा किंवा त्याहून जास्त झाले की हाड जुळलं असं साधारण मानतात. तुमच्या डॉक्टरांना आकडा विचारा, दर वेळी लिहून ठेवा. आकडा वाढतोय की अडकलाय हे एका एक्स-रेपेक्षा जास्त सांगतं. दादांचा एकूण हिशेब बघता जड कामाला सहा ते आठ महिने धरून चाला. मधल्या काळात स्टोअर किंवा तपासणीचं काम मागा. गाडी चालवायला, अचानक ब्रेक दाबताना पाय दगा देणार नाही एवढी ताकद हवी, आणि उजवाच पाय आहे. पेठेतल्या संघात फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना आणि पैलवानांना हाड पूर्ण जुळल्यावरच मैदान, बहुधा नऊ महिने ते वर्ष.

सहा महिने उलटून, पूर्ण वजन टाकून, तंबाखू बंद करूनही गुण अडकलेलेच राहिले आणि जंतू नसतील, तर जुना रॉड काढून, पोकळी पुन्हा रीम करून, एक-दोन मिलिमीटर जाड रॉड घालतात. हे बहुतेकांत यशस्वी होतं. काठांमध्ये हाडच कमी असेल तर कमरेच्या हाडातून कलम घ्यावं लागतं. खर्चाची चिंता असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटून महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे बसतं का ते आधीच विचारा. नंतर कागद जमवताना धावपळ होते.

इथे थोडं वेगळं, पण ज्यांची नडगी आज मोडली त्यांच्यासाठी गरजेचं. ऊस हंगामात ट्रॉल्यांमुळे, एरवी दुचाकीमुळे, असे रुग्ण गगनबावडा-राधानगरीकडून बऱ्याच उशिरा पोचतात, कधी हाडवैद्याकडून कामट्या घट्ट बांधून. पोटरी दगडासारखी कडक, इंजेक्शनानेही न थांबणारी वेदना, आणि पायाची बोटं हलक्या हाताने वर केली तरी किंचाळी: हे स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढल्याचं लक्षण. पावलाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, ती शेवटपर्यंत लागू शकते. सगळे पट्टे लगेच सोडा, पाय हृदयाच्या पातळीवर ठेवा, गाडी काढा. सहाएक तासांत कप्पे उघडले नाहीत तर स्नायू मरतो. उघड्या जखमेवर हळद, कॉफी, माती नको. स्वच्छ ओलं कापड ठेवा, फळीचा आधार द्या, आणि पहिलं अँटिबायोटिक होईल तेवढ्या लवकर, शक्यतो तासाभरात मिळू द्या. धनुर्वाताचं इंजेक्शनही लागतं.

रॉड काढण्याचं शेवटी. काढलाच पाहिजे असं नाही. स्टीलचा असो वा टायटॅनियमचा, आयुष्यभर राहू शकतो. रॉड आहे म्हणून एमआरआय सहसा अडत नाही, फक्त आधी सांगायचं. टोचणारा एखादा स्क्रू हाड जुळल्यावर वेगळा काढता येतो. गुडघेदुखीसाठी रॉड काढला तर साधारण निम्म्यांनाच आराम पडतो, हे आधी ऐकून मगच ठरवा. काढायचा तर हाड सगळीकडून भरल्यावर, दीड वर्षाच्या आत नको. काढल्यावर पायावर चालता लगेच येतं, पण स्क्रूंची भोकं भरेपर्यंत, दीड-दोन महिने, पळणं, उड्या आणि जड ओझं बंद.